सुतकात अडकलेला शेवट

मोठी काकी गेली तेव्हा मालिकेचा शेवटचा आठवडा उरला होता. वर्तमानपत्रात मुख्य गोष्ट पहिल्या वाक्यात सांगायची असते, म्हणून ती आधी सांगितली.

पेडणे तालुक्यातल्या आमच्या घरात मोठी काकी आणि माझी आई या दोन जावा एकत्र राहत. काका आणि माझे वडील आधीच गेलेले. काकीचा मुलगा वास्कोला बंदरात नोकरीला, बिऱ्हाडही तिकडेच. मी पणजीला एका दैनिकात उपसंपादक, रोज बसने जाऊन-येऊन. दिवसभर घरात या दोघीच असत. त्यांची भांडणे दोन गोष्टींवरून होत: आमटीतले मीठ आणि मालिका. मिठाचे भांडण जेवणाबरोबर संपे. मालिकेचे चार वर्षे चालले.

ती मराठी रहस्यमालिका होती. घाटावरच्या एका लहान गावात राहणारी, विमा कंपनीसाठी तपास करणारी मध्यमवयीन बाई ही तिची नायिका. ही बाई कधी आवाज चढवत नसे. धावत नसे. जुन्या स्कूटरवरून येई, दारात चपला काढी आणि मगच आत जाई, मग आत प्रेत का पडलेले असेना. आमच्या घरात तिला पहिले गुण मिळाले ते या चपलांसाठी. दर पाच-सहा आठवड्यांनी एक प्रकरण संपे. संपताना बाई सर्व संशयितांना एका खोलीत बसवून स्वतः चहा ओते, आणि ज्याचा कप ती सर्वांत शेवटी भरी तो गुन्हेगार असे. हे मालिकेत कोणी कधी बोलून दाखवले नाही. मोठ्या काकीने ते तिसऱ्या प्रकरणात ओळखले. तेव्हापासून दोघी अशा भागात कोणाच्याही तोंडाकडे बघत नसत, फक्त किटलीकडे बघत.

या लहान प्रकरणांच्या मागे एक मोठे प्रकरण होते. पहिल्याच भागात गावातल्या डॉक्टरचा खून झाला होता आणि तो चार वर्षे सुटला नव्हता. मधूनमधून त्याचा एखादा धागा वर येई आणि परत बुडे.

मोठी काकी या विषयात नवखी नव्हती. लग्न होऊन आली तेव्हापासून ती पेडण्याच्या वाचनालयातून रहस्यकथा आणून वाचत असे. मुखपृष्ठावर पिस्तूल आणि मोकळ्या केसांची बाई असलेली पुस्तके सासूला दिसू नयेत म्हणून त्यांना वर्तमानपत्राचे कव्हर घाली. सासूचा समज असा की सून पोथी वाचते. भुताच्या गोष्टी, गुप्तहेरांच्या गोष्टी, परग्रहावरून आलेल्या माणसांच्या गोष्टी, सगळे ती सारख्याच गांभीर्याने वाची. शेवटचे पान आधी उघडणारा माणूस तिच्या मते दुसऱ्याच्या ताटातले खाणारा होता. तिचा एक नियम होता: "लिपयलां तर चलता, फट मारलेली चलना." लेखकाने लपवावे, खोटे सांगू नये. काही पुस्तके तिने या नियमावर नापास करून परत केली आणि वाचनालयाच्या माणसाला कारणही सांगितले.

आई पुस्तके वाचत नसे. तिची पद्धत वेगळी होती. ती नट बघे.

"एवढो मोठो नट घेतलो तो काय दारात उभो रवूक?" हा तिचा युक्तिवाद. डॉक्टरच्या भावाचे काम एका नावाजलेल्या नटाने केले होते. चार वर्षांत त्याला फारसे काही करायला मिळाले नव्हते. म्हणजे ते शेवटी मिळणार, म्हणजे तोच खुनी, असे आईने ठरवून टाकले होते.

"हें नाटक कंपनीचां गणित," मोठी काकी म्हणे. "पुरावो दाखय."

"तुजो कंपाउंडर तरी खंय पुरावो घेऊन फिरता?"

मोठ्या काकीचा संशय कंपाउंडरवर होता. औषधांच्या कपाटाची किल्ली त्याच्याकडे असे आणि खुनानंतर त्याने पान खाणे सोडले होते. "माणूस व्यसन सोडता तेका कायतरी कारण लागता," असे ती देवळात, दुकानात, बसथांब्यावर विचारील त्याला सांगे. वाड्यावर बहुतेक घरांत ही मालिका बघत आणि काकीचा कंपाउंडर सर्वांना माहीत होता.

दोघींना आणखी एक आवड होती: शूटिंगवाल्यांच्या चुका पकडणे. डाव्या हातातले काकण पुढच्या क्षणी उजव्या हातात गेले, अर्धा प्यायलेला चहा परत भरला, भिंतीवरचे घड्याळ मागे गेले, की दोघी एकदम बोलत. एखाद्या दिवशी चूक सापडली नाही तर त्यांना भाग फिका वाटे.

पहिल्या भागातली चूक तर घरात म्हण होऊन बसली. त्या दिवशी माझी साप्ताहिक सुट्टी होती आणि मी त्याच खोलीत बसलो होतो. डॉक्टरचे प्रेत नुकतेच नेले आहे, बायको कोपऱ्यात बसली आहे, माणसे येत-जात आहेत. शाळेचे मास्तर येतात. फौजदाराला सांगतात की या घरी आपण पहिल्यांदाच येतो आहोत. डॉक्टरच्या बायकोला भोवळ येते. मास्तर उठतात, जिन्याकडून आत जातात आणि पाण्याचा पेला घेऊन येतात. तिला पाजतात, उरलेले स्वतः पितात.

"अगो, हेका पाणी खंय आसा तां कसां कळलां?" मोठी काकी म्हणाली.

"तां सोड," आई म्हणाली. "सुतकाच्या घरात पाणी पिता तो. मुंबयवाल्यांक सुतक खंय कळता?"

यावर दोघी बराच वेळ हसल्या. आमच्याकडे सुतक असलेल्या घरात समाचाराला आलेला माणूस पाण्याचा थेंब घेत नाही. कोणी देतही नाही. हे लिहिणाऱ्याला माहीत नाही, दाखवणाऱ्याला माहीत नाही आणि बघणाऱ्या साऱ्या महाराष्ट्राला चालते, याची त्यांना गंमत वाटली. तेव्हापासून रीत न कळून कोणी काही केले की घरात "मुंबयवाल्यांचां सुतक" म्हणायची पद्धत पडली. मी एकदा सोवळ्यातल्या भांड्याला हात लावला तेव्हा मलाही ते ऐकावे लागले.

मालिका संपणार असल्याची जाहिरात एप्रिलमध्ये सुरू झाली. त्या सुमाराला एका सकाळी मोठी काकी आदोळीवर, म्हणजे विळीवर, बसून नारळ खवत होती. घरात नारळ खवण्याचे काम तिचे. आईने खवलेले तिला पसंत नसे; "तुज्या खोबऱ्याक दात जाय," म्हणे, चावायला दात हवेत इतके ते भरड पडे. चवथीच्या, गणपतीच्या दिवसांत तर ती आदोळीवरून उठतच नसे. त्या सकाळी आई म्हणाली, "वयनी, पैज मार."

"कसली?"

"भाव निघालो तर मी जिंकलंय. कंपाउंडर निघालो तर तू."

"आणि हरतली ती?"

"हरतली ती औंदा चवथीचो सगळो नारळ खवतली."

मोठी काकी हसली. "म्हणजे तू जिंकलंस तर काय बदलला? मीच खवतंय मरे."

"तर मग तू जिंकूचो प्रयत्न कर."

पैज लागली. तिला एक अट जोडली गेली: शेवट दोघींनी एकत्र, पहिल्यांदा, टीव्हीसमोर बसून बघायचा. आधी कोणाकडून ऐकायचा नाही. ही अट दोघींनी वाड्यावर जाहीर केली आणि मला वेगळी बजावली, कारण मी वर्तमानपत्रातला.

शेवटचा आठवडा सोमवारी सुरू व्हायचा होता. आदल्या दिवशी, रविवारी सकाळी, मोठी काकी मागच्या दारात पायरीवर बसली ती उठली नाही. पेडण्याहून डॉक्टर आले तेव्हा करण्यासारखे काही नव्हते. दुपारपर्यंत वास्कोहून तिचा मुलगा आला. संध्याकाळच्या आत सगळे उरकले.

घरात परत आल्यावर चुलतभावाने पहिली गोष्ट केली ती ही की टीव्हीची वायर काढली आणि त्यावर धुतलेला पंचा टाकला. सुतकात टीव्ही लावत नाहीत. आमच्या घरीच असे नाही, सुतक सगळ्या भावकीला असते आणि वाड्यावरची बहुतेक घरे भावकीतली. सोमवारी दिवेलागणीनंतर वाड्यावर मालिकेचे शीर्षकगीत ऐकू आले नाही. चार वर्षांत असे पहिल्यांदाच झाले.

मागच्या खोल्यांत आमचे एक भाडेकरू कुटुंब आहे. माणसे सावंतवाडीकडची; नवरा डिचोलीच्या खाणीवर टिपर चालवतो. ती भावकीतली नव्हेत, त्यांना सुतक नाही. सोमवारी सकाळी ती बाई मागच्या दाराशी येऊन उभी राहिली आणि आईला विचारले, "काकी, आम्ही टीव्ही लावलो तर चलात?"

"लाव. तुमकां काय आसा?"

"आवाज बंद करून लावतंय."

आणि तिने तसेच केले. संपूर्ण आठवडा तिने मालिका आवाज बंद करून पाहिली. रहस्यमालिका बिनआवाजाची पाहणे म्हणजे काय, हे ज्यांनी अशी मालिका कधी मन लावून पाहिली आहे त्यांनाच कळेल.

तिसऱ्या दिवशी चुलतभाऊ आईला म्हणाला, "काकी, मोबायलार दिसता. टीव्ही न्हय तो."

"सुतक मोबायलाक कळना," आई म्हणाली. "माका कळता."

तिने एवढेच ठरवले होते: शुद्ध झाल्यावर बघायचे, तोपर्यंत ऐकायचे नाही. पैजेच्या अटीतला एकत्र बसण्याचा भाग आता शक्य नव्हता. उरला होता तो न ऐकण्याचा, आणि तो तिला पाळायचा होता. समाचाराला येणाऱ्यांना मी आणि चुलतभाऊ गेटापाशीच सांगू लागलो की मालिकेविषयी बोलू नका. परगावचे काहीजण हे ऐकून आमच्याकडे बघत राहिले. वाड्यावरच्यांना समजावून सांगावे लागले नाही. त्यांनी स्वतःही पाहिलेली नव्हती. धोका बाहेरून येणाऱ्यांचा होता.

शनिवारी शेवटचा भाग झाला. रविवारी मी रजेनंतर कामावर गेलो. मनोरंजनाच्या पानावर बातमी तयार होती आणि लिहिणाऱ्याने शिकवल्याप्रमाणे मुख्य गोष्ट पहिल्या वाक्यात सांगितली होती: खुनी शाळेचे मास्तर. कसे, का, कोणत्या पुराव्यावर, हे काही नव्हते. नटांचे फोटो होते, कलाकारांना निरोप देताना सेटवर कोण रडले ते होते. म्हणजे दोघीही चुकल्या होत्या. मी मथळा तपासला, एक वेलांटी सुधारली आणि पान सोडले.

आमच्या घरी येणाऱ्या अंकातून दुसऱ्या दिवशी ते पान मी काढून घेतले. आई वर्तमानपत्र पहिल्या पानापासून शेवटपर्यंत क्रमाने वाचते.

"सातवां पान खंय गेलां?"

"मागच्या बाईने नेलं. नुस्तं बांधायला."

आईने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले. मागच्या खोल्यांतल्या बाईने त्या आठवड्यात वास आमच्याकडे येऊ नये म्हणून नुस्तं, म्हणजे मासळी, घरात आणलीच नव्हती, हे आईला माहीत होते आणि मला नव्हते. मग ती आठवे पान वाचू लागली.

मामा आला तो याच्या दुसऱ्या दिवशी. आईचे माहेर डिचोली तालुक्यातले नार्वे. मामा तिथे शेती करतो. नदीकाठी त्याची जमीन आहे आणि बोलण्यात त्याला कोणी हरवलेले नाही. मालिकेचा तोही भक्त. दर चवथीला येई तेव्हा मोठ्या काकीसमोर बसून वर्षभराचे भाग पहिल्यापासून उकरून काढी. त्याला मी गेटावर गाठले.

"माका शिकवता?" तो म्हणाला. "मी काय ल्हान पोर?"

आत येऊन तो खुर्ची, आमची कदेल, ओढून बसला.  मग तो म्हणाला, "बाय, तुजी जाव म्हणजे..." आणि थांबला. हाताकडे पाहिले. "म्हणजे, तिच्या हाताक चव होती."

"होय," आई म्हणाली.

"मन मोठां."

"होय."

"आणि हुशार..." तो परत थांबला. मग त्याने नार्व्याच्या देवळातल्या गर्दीबद्दल सांगितले, बांधाला भगदाड पडल्याबद्दल सांगितले, पंपाच्या विजेबद्दल सांगितले. मामा इतका वेळ मालिकेविषयी न बोलता बसलेला मी पाहिला नव्हता. उठताना त्याचा सदरा पाठीवर भिजलेला होता. पाणी त्याला देता येत नव्हते.

तो गेल्यावर आई जनेलापाशी, बाहेर बघत, बसून राहिली. मी बाहेर निघालो होतो, तिने थांबवले.

"पुता, एक सांग. तां नको सांगू. दुसरां सांग."

"काय?"

"मेलेल्या माणसाचां बरां बोलतत. होय मरे? कंपाउंडर निघालो असतो तर कोणाच्यान गप रवूक झालां असतां? एकटो तरी बोललो असतो, वयनीन बरोबर सांगलां होतां म्हणान. तुज्या मामाच्या तोंडातसून तर आयलांच असतां."

मी घातलेल्या चपला परत काढल्या.

"कोणूच बोलना. म्हणजे वयनी हरली."

तर्क निर्दोष होता. आम्ही गेटावर उभे राहून जे अडवत होतो ते सर्वांच्या गप्प राहण्यातून घरात शिरले होते. मोठ्या काकीविषयी सांगण्यासारखी सर्वांत चांगली गोष्ट सर्वांना माहीत होती, आणि ती कोणी सांगत नव्हते.

"म्हणजे तू जिंकली असशील," मी म्हणालो. हे बातमीदाराचे वाक्य होते. त्यात काही कबूल केलेले नव्हते.

"जिंकान करू काय? सांगू कोणाक?" आई म्हणाली. मग म्हणाली, "चार वर्सां ती पुरावो, पुरावो करी. तिचां चुकला असां माका बघूचां पडतलां. तेच्यापरस मालिका बंद पडली असती तर बरी."

तरी बघणार नाही असे ती म्हणाली नाही. अट अट होती.

बारावे झाले. भटजींनी शुद्धीचे पाणी शिंपडले, पै-पाहुणे जेवून गेले. दुसऱ्या दिवशी दुपारी चुलतभावाने टीव्हीवरचा पंचा काढला, वायर जोडली आणि चॅनेलच्या अॅपवरून मागचे भाग लावून दिले. मग तो वास्कोला जायला निघाला. बाराव्याला परत आलेला मामा थांबला होता. मागच्या खोल्यांतली बाई हात पुसत आली आणि दाराशी बसली. तिला आता आवाजासकट बघायचे होते. मोठ्या काकीची बसायची जागा म्हणजे भिंतीकडची चटई. ती कोणी अंथरली नाही आणि त्या जागी कोणी बसलेही नाही.

आठवड्याचे भाग ओळीने लावले. पहिल्या दोन भागांत कंपाउंडर सुटला. त्याने पान सोडले होते ते तोंडाच्या फोडामुळे. आईने मान हलवली. चौथ्या भागात डॉक्टरचा भाऊ सुटला. खुनाच्या वेळी तो दुसऱ्याच एका बाईकडे होता, आणि नावाजलेल्या नटाला चार वर्षे ठेवले होते ते एवढे एक रडायचे दृश्य करण्यासाठी. ते त्याने चांगले केले.

"म्हणजे मी पण न्हय," आई म्हणाली. तिच्या आवाजात जड काही नव्हते. उलट ती थोडी सरसावून बसली. दोघी हरल्या असतील तर पैजच उरत नव्हती.

शेवटच्या भागात तपास करणारी बाई डॉक्टरच्या घरी सर्वांना बसवते. दारात चपला काढते. सर्वजण किटलीची वाट बघतात. किटली येत नाही. बाई घसा खाकरते आणि म्हणते, आज मला बरे नाही, चहा नको, कोणी जरा पाणी देता का? कोणी हलत नाही. मग सवयीने, सभ्य माणूस उठतो तसे, मास्तर उठतात.

"पाणी," आई म्हणाली.

मामा म्हणाला, "आता बघ काय ता."

"तू गप रव. पाणी." ती टीव्हीकडे बोट दाखवत होती. "तो रांदचेकुडीत जावचो ना. बघ. जिन्याखाली जातलो."

मास्तर स्वयंपाकघराकडे गेले नाहीत. जिन्याकडे वळले, धान्याच्या कणगीमागे वाकले आणि तिथल्या माठातून पेला भरून आणला. बाईने पेला घेतला आणि खाली ठेवला. ती म्हणाली, डॉक्टरांना थंड पाणी लागे म्हणून या घरात माठ जिन्याखाली असतो. बाहेरच्याला तो दिसत नाही. चार वर्षांपूर्वी तुम्ही या घरात पहिल्यांदा आलात, असे तुम्ही सांगितलेत, आणि विचारल्याशिवाय पाणी आणलेत.

मग पहिल्या भागातले दृश्य परत दाखवले. भोवळ आलेली बायको, उठलेले मास्तर, जिन्याकडे वळणारी त्यांची पाठ, पाण्याचा पेला. तेच दृश्य, ज्यावर आमच्या घरात बराच वेळ हसू झाले होते.

पुढे मास्तरांनी काय सांगितले, डॉक्टरशी त्यांचे वैर कशाचे, हे आईने फारसे ऐकले नाही. मागच्या खोल्यांतली बाई ऐकत होती. मधेच ती म्हणाली, "असां होतां काय! माका फक्त तेका बेड्यो घातलेले दिसले. मी म्हटलां, पाणी दिलां म्हणान पकडलो की काय." मामा हसला. तिने पाहिले होते तेच खरे होते, हे दोघांच्याही लक्षात आले नाही.

भाग संपला. नावे वर जाऊ लागली.

"फट मारूक ना," आई म्हणाली. "लिपयलां पण न्हय. समोर दवरलां होतां." मग माझ्याकडे वळली. "तू होतस मरे थंय? पयल्या दिसा?"

"होतो."

"वयनीन काय विचारलां?"

एकाच माणसाच्या सांगण्यावरून बातमी द्यायची नाही, दुसऱ्याकडून खात्री करून घ्यायची, हे मला पहिल्या महिन्यात शिकवले गेले. इथे दुसरा मी होतो. चार वर्षांपूर्वीचे एखादे वाक्य माझ्या ध्यानात राहण्याचे कारण नव्हते, पण घरात म्हण होती आणि म्हण कुठून आली ते मला माहीत होते.

"पाणी कुठे आहे ते याला कसं कळलं, असं विचारलं," मी म्हणालो. "आणि तू म्हणालीस, मुंबयवाल्यांक सुतक खंय कळता."

"होय. मीच म्हटलां."

मामाने दोघांकडे पाहिले. "पण ती तर कंपाउंडर म्हणा होती. सगळ्यांक सांगीत सुटली होती."

"तां मागीर. पयलां तिका पाणी दिसलां. मी हसलंय म्हणान तिनां सोडलां." आई म्हणाली. "सुतकात पाणी पिता तां माका दिसलां. तो तां आणता खंयसून, तां तिका दिसलां."

"तरी पैज कंपाउंडराची," मामा म्हणाला. "कायद्यान बघलां तर दोगांय हरली."

"तुजो कायदो नार्व्याक दवर."

संध्याकाळी आई दुकानात गेली. सुतक फिटल्यावर ती पहिल्यांदाच घराबाहेर पडत होती. तेल, उदबत्ती आणि साखर घेऊन ती बऱ्याच वेळाने आली. तोपर्यंत वाड्यावरची घरेही आपापले राहिलेले भाग बघत होती आणि शीर्षकगीत एका घरातून संपून दुसऱ्या घरातून सुरू होत होते. दुसऱ्या दिवशी मी बसथांब्यावर उभा असताना भावकीतले एक वयस्क गृहस्थ मला म्हणाले की तुझ्या मोठ्या काकीने खुनी पहिल्याच दिवशी ओळखला होता असे ऐकतो. मी म्हणालो, पुरावा ओळखला होता. ते म्हणाले, तेच ते. मी दुरुस्ती पुढे नेली नाही.

त्या वर्षी चवथ बेताची केली. गणपतीवर टांगायची फळांची माटोळी लहान बांधली, गोड एकच पदार्थ केला. गणपती आणायचा तो आणलाच आणि नारळ लागतो तेवढा लागलाच. चुलतभावाची बायको आदल्या दिवशी वास्कोहून आली होती. सकाळी तिने आदोळी ओढून घेतली आणि बसू लागली.

"उठ," आई म्हणाली. "ता माजां."

"काकी, तुमच्या गुडघ्यांक..."

"पैज आसा. उठ."

ती बसली. पाचही दिवस कोणाला बसू दिले नाही. दुसऱ्या दिवशी मामा आला, आदोळीवर तिला पाहून काही बोलायला तोंड उघडले आणि मिटले. दुपारी जेवताना त्याने खतखत्याचा, खोबरे घातलेल्या मिश्र भाजीचा, पहिला घास घेतला आणि बराच वेळ चावत राहिला. खोबरे भरड पडले होते.

"कसां झालां?" आईने विचारले.

"बरां," मामा म्हणाला. "दात आसत माका."

आई हसली आणि त्याला आणखी वाढले.